ड्राइव्ह काढण्याआधी एडिशन लिहून घ्या

मागच्या वेळी एका सेकंडहँड लॅपटॉपची ड्राइव्ह बदलायला बसलो तेव्हा मी स्क्रूंचे फोटो काढले होते. कुठला स्क्रू कुठून निघाला, कुठला बुटका, कुठला लांब, सगळं. पाठीवरच्या स्टिकरचा फोटो होता, बॅटरीच्या कनेक्टरचा होता. विंडोजची प्रॉडक्ट की एका छोट्या प्रोग्रॅमने काढून वहीत उतरवली होती, २५ च्या २५ अक्षरं, दोनदा ताडून. विंडोज होम होतं का प्रो, एवढा एक शब्द मात्र लिहिला नाही. त्या शब्दापायी दोन रात्री गेल्या. म्हणून ही यादी.

पहिलं काम, पेचकस हातात घेण्याच्याही आधीचं: जुनी ड्राइव्ह आत आहे, मशीन चालू आहे, तोवर सेटिंग्ज उघडा, सिस्टममधून अ‍ॅक्टिव्हेशनवर जा (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीखाली) आणि तिथे एडिशनसमोर जे लिहिलंय ते अक्षरशः तसंच्या तसं कागदावर उतरवा. फोनने फोटो काढलात तरी चालेल, पण कागदावरही लिहा. 'लक्षात राहील' म्हणू नका. माझ्याही लक्षात होतं, आणि विकणारा म्हणाला 'होमच असेल हो', तेव्हा माझंच मला खरं वाटेना.

मी मुद्दाम एडिशन म्हणतोय. मराठीत एडिशनही आवृत्ती आणि व्हर्जनही आवृत्ती, घोळ तिथूनच सुरू होतो. १० का ११, २२एच२ का २४एच२, हे व्हर्जन. विंडोजच्या परवान्याला त्याचं फारसं पडलेलं नाही. विंडोज १० प्रोचा डिजिटल परवाना असलेल्या मशीनवर ११ प्रो टाकलं तर तोच परवाना लागू होतो, मशीन ११ च्या अटींत बसत असलं म्हणजे झालं. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइझ या एडिशन. परवाना बांधलेला असतो तो हिच्याशी. आणि हो, होम आणि होम सिंगल लँग्वेज या दोन वेगळ्या एडिशन आहेत. कागदावर नुसतं 'होम' लिहून मोकळे होऊ नका, पुढचे दोन शब्द असतील तर तेही लिहा.

एवढा आटापिटा कशाला? ड्राइव्ह बदलल्याने परवाना जात नाही, हे तर सगळेच सांगतात. खरंच आहे ते. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हापासून डिजिटल परवाना ड्राइव्हवर राहतच नाही. मशीनच्या भागांवरून, त्यातही मुख्यतः मदरबोर्डवरून, एक ओळख तयार होते आणि तिची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. मदरबोर्ड तोच असेल तर नवीन ड्राइव्हवर विंडोज टाका, इंटरनेट जोडा, परवाना आपोआप सापडतो. पण त्या नोंदीत मशीनबरोबर एडिशनही असते. नोंद प्रोची आणि तुम्ही टाकलंय एंटरप्राइझ, तर सर्व्हर सरळ नाही म्हणतो.

माझ्याबाबतीत तर त्याने नाही सुद्धा म्हटलं नाही, आणि तेच महागात पडलं. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या लॅपटॉप कारखान्यातून पाठवताना प्रॉडक्ट की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डवर कायम बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये) टाकून देतात. विंडोजचा इन्स्टॉलर ती की स्वतःच वाचतो आणि तुम्हाला काही एक न विचारता त्या एडिशनचं विंडोज टाकतो. माझा लॅपटॉप कारखान्यातून होम घेऊन निघाला होता. आधीच्या मालकाने पुढे कधीतरी त्याचं प्रो केलं. पण फर्मवेअरमधली की होमचीच राहिली, ती काही बदलत नाही. इन्स्टॉलरने होम टाकलं, होम लगेच अ‍ॅक्टिव्हेटही झालं (म्हणजे परवाना मान्य झाला), मी खूश. जुनी ड्राइव्ह त्याच संध्याकाळी फॉरमॅट करून टाकली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या मशीनवरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरायला गेलो तेव्हा कळलं की होममध्ये ती सोयच नाही. रिमोट डेस्कटॉपने आत यायचं तर तिथे प्रो लागतं.

म्हणून पुन्हा सांगतो: 'विंडोज इज अ‍ॅक्टिव्हेटेड' ही ओळ बघून हुरळू नका. एडिशन काय आहे ते बघा. आधीही, नंतरही.

आता परवान्याचा प्रकार. विंडोजचं बटण आणि आर दाबून जी चौकट येते तिच्यात एसएलएमजीआर, मग स्पेस, मग तिरपी रेघ आणि डीएलआय असं इंग्रजी लिपीत टाइप करा (slmgr /dli). एक छोटी खिडकी येईल. तिच्यात चॅनल म्हणून जे येतं ते महत्त्वाचं. ओईएम (लॅपटॉपच्या कंपनीने मशीनबरोबर दिलेला) असेल तर परवाना त्या मदरबोर्डबरोबरच जगणार आणि मरणार. ड्राइव्ह बदलायला काही अडचण नाही. रिटेल (सुटा विकत घेतलेला) असेल तर उत्तम, तो दुसऱ्या मशीनवरही नेता येतो. व्हॉल्यूम असेल, विशेषतः केएमएस, तर थांबा. तो परवाना एखाद्या संस्थेचा आहे, तुमचा नाही. अशी मशीनं संस्थेच्या सर्व्हरला मधूनमधून हजेरी लावतात आणि प्रत्येक हजेरीला १८० दिवसांची मुदत मिळते. त्याच आज्ञेत डीएलआयच्या जागी एक्सपीआर टाकलं की मुदत संपण्याची तारीख दिसते; कायमचा परवाना असेल तर तसं लिहून येतं. मुदतीची तारीख दिसली तर जुन्या ड्राइव्हवरचं प्रो किंवा एंटरप्राइझ विसरा, नव्या ड्राइव्हवर ते येणार नाही. फर्मवेअरमध्ये मूळ की असेल तर तिच्यावर जे मिळेल ते तुमचं. विकत घेण्याआधीच ही खिडकी बघता आली तर फारच बरं.

त्याच खिडकीत की ची शेवटची पाच अक्षरं दिसतात. तीही लिहा. आणि इथे माझ्या वहीची गंमत सांगतो. मी इतक्या भक्तिभावाने उतरवलेली की ३व्ही६६टी या अक्षरांनी संपत होती. ती माझी नव्हतीच. डिजिटल परवान्याच्या सगळ्या प्रो मशीनांवर विंडोज तीच सर्वसाधारण की दाखवतं. होमची अशीच की ८एचव्हीएक्स७ ने संपते. या कींनी काहीही अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, त्या फक्त एडिशन ठरवतात. म्हणजे मी जो शब्द लिहायला विसरलो तो माझ्या वहीत होता, फक्त मला वाचता येत नव्हता! दुसऱ्या रात्री ते ध्यानात आलं. इंटरनेट बंद केलं, 'चेंज प्रॉडक्ट की' मध्ये ती की टाकली, मशीनने रीस्टार्ट होऊन होमचं प्रो केलं, इंटरनेट जोडलं आणि मिनिटभरात सर्व्हरला जुनी नोंद सापडली. तोवर मी विंडोज तीनदा टाकून झालं होतं आणि विकणाऱ्याशी नको ते बोलून झालं होतं.

की अशी वाचता येते म्हणून एडिशन लिहायचं टाळू नका. एडिशन लिहा.

पुढचं, बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. होममध्ये याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात आणि ते पुष्कळदा कोणी न सांगताच चालू झालेलं असतं. जुनी ड्राइव्ह काढून यूएसबीच्या डबीत घालून वाचायला गेलात की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. वापरलेल्या मशीनमध्ये ही की आधीच्या मालकाच्या खात्यात असू शकते, म्हणजे मग शोधत बसा त्याला. त्यापेक्षा ड्राइव्ह आत असतानाच एन्क्रिप्शन बंद करा आणि पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. वेळ लागतो. लागू द्या.

खातं. २०१६ च्या १६०७ व्हर्जनपासून डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. नुसती ड्राइव्ह बदलायला याची गरज नाही, पण उद्या मदरबोर्ड गेला तर ट्रबलशूटरमधला (अडचण शोधणारं विंडोजचं साधन) 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय याच जोडणीवर चालतो, तेही परवाना हलवता येण्याजोगा असेल तर. जोडून ठेवा. आधीच्या मालकाचं खातं जोडलेलं दिसलं तर घाबरू नका, मदरबोर्डवरची ओळख त्याने बदलत नाही.

घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. संस्थेतून निघालेलं मशीन ऑटोपायलटमध्ये (संस्थांची मशीनं दुरून सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सोय) नोंदवलेलं असेल आणि संस्थेने ती नोंद काढली नसेल, तर कोऱ्या ड्राइव्हवर विंडोज टाकून इंटरनेट जोडल्याजोडल्या त्या संस्थेचं नाव आणि लॉगिनचा पडदा समोर येतो. ही नोंदही हार्डवेअरच्या ओळखीवर असते, ड्राइव्ह बदलून सुटत नाही. ती फक्त त्या संस्थेलाच काढता येते. असा पडदा दिसला तर परवान्याशी झटापट करत बसू नका, मशीन विकणाऱ्याकडे परत न्या. बायोसला पासवर्ड आहे का, तेही आधीच पाहा.

इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह: किमान ८ जीबी, त्यावरचं सगळं पुसलं जातं, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मीडिया क्रिएशन टूलनेच बनवा. वाटेत सापडलेली तयार इमेज नको. फर्मवेअरमधली की आणि तुमच्या कागदावरची एडिशन वेगळ्या असतील तर पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमध्ये ईआय डॉट सीएफजी नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायची. पहिल्या ओळीत चौकटी कंसात चॅनल, दुसऱ्या ओळीत रिटेल, तिसऱ्या ओळीत चौकटी कंसात व्हीएल, चौथ्या ओळीत शून्य, सगळं अर्थातच इंग्रजी लिपीत. मग इन्स्टॉलर गुपचूप स्वतःचं खरं करत नाही, एडिशनची यादी दाखवून विचारतो. यादीतून कागदावरचीच एडिशन निवडा. कागद समोर आहे ना? नसेल तर वरचं पहिलं काम पुन्हा वाचा.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर नेटवर्कचा ड्रायव्हर. वायफाय न चालणाऱ्या मशीनला सर्व्हर काय ओळखणार! ऐनवेळी फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट दिलं तरी भागतं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या मशीनवर आणखी एक मेख आहे: व्हीएमडी (ड्राइव्हचा कारभार हाती घेणारी इंटेलची सोय) चालू असेल तर इन्स्टॉलरला नवीन ड्राइव्ह दिसतच नाही आणि आपल्याला वाटतं ड्राइव्हच मेलेली आली. मेलेली नसते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घेऊन त्याच पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' मधून द्या.

नवीन ड्राइव्ह घेताना एम डॉट टू आकार म्हणजे एनव्हीएमई जोडणीच असं धरून चालू नका. त्याच आकारात साटा जोडणीचीही येते. खाचा पाहा, मशीनचं मॅन्युअल पाहा. क्लोन (जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल) करणार असाल तर परवान्याचा प्रश्नच येत नाही, पण आधीच्या मालकाचा सगळा कचराही नव्या ड्राइव्हवर येतो. मी कोरं टाकतो.

ड्राइव्ह बदलणं: चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर काढा, मग हात घाला. बाकी तुम्हाला येतं. त्याच दिवशी बाकीचं काही बदलू नका, एका वेळी एकच.

विंडोज टाकताना की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' वर टिचकी मारा, पुढे जा. इंटरनेट जोडा. दहा मिनिटं वाट पाहा, लगेच ट्रबलशूटरवर तुटून पडू नका. अ‍ॅक्टिव्हेट झालं तरी एडिशन कागदाशी ताडा. नाही झालं तर एरर कोडची शेवटची चार अक्षरं बघा. एफ२१२ म्हणजे चुकीची एडिशन टाकली आहे, नेमका माझा विषय. एफ२१३ म्हणजे मशीनवर कीच सापडली नाही. एफ०७४ म्हणजे ते संस्थेचा केएमएस सर्व्हर शोधतंय आणि तो मिळत नाही. अ‍ॅक्टिव्हेशन नसलं तरी विंडोज चालतं, कोपऱ्यात पुसट अक्षरं येतात आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, एवढंच. तेव्हा घाईने कुठली तरी स्वस्त की घेऊ नका आणि अ‍ॅक्टिव्हेटर नावाचं काही चालवू नका, त्यातून काय आत शिरेल याचा नेम नाही.

मग अपडेट, ड्रायव्हर, खातं जोडणं, बिटलॉकर हवं तर पुन्हा चालू आणि या वेळी त्याची ४८ अंकी की स्वतःजवळ. झालं.

जुनी ड्राइव्ह महिनाभर तरी फॉरमॅट करू नका. अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, पिशवीवर कागदाची पट्टी चिकटवा आणि तीवर तारीख व एडिशन लिहा. माझ्या खणात आत्ता अशी एक पिशवी पडली आहे, मार्करने ठळक लिहिलेली: होम सिंगल लँग्वेज.