विश्रांतीचे दोन तुकडे केले की पुढचे तास कसे मोजायचे?

अमेरिकेत मालवाहू ट्रकचालकाला सलग १० तासांची विश्रांती दोन भागांत घेता येते. एक भाग किमान ७ तासांचा, तोही ट्रकमधल्या स्लीपर बर्थमध्येच. दुसरा किमान २ तासांचा, आणि बेरीज १० च्या खाली नको. आधी कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा. दोन्ही पुरे झाले की ते १४ तासांच्या ड्युटीत (कामाला लागल्यापासून गाडी चालवायला मिळणाऱ्या मुदतीत) धरत नाहीत.

घोळ होतो तो पुढे. दुसरा भाग संपला म्हणजे ११ तासांचं ड्रायव्हिंग (ही कमाल मर्यादा) नव्याने मिळालं, असं नाही! हिशोब पहिला भाग संपल्यापासून धरायचा. समजा ५ तास गाडी चालवली, ३ तास थांबलात, पुन्हा ६ तास चालवली आणि ७ तास झोपलात. पहिल्या थांब्यानंतरचे ६ तास ११ मधून गेले, आता हातात ड्रायव्हिंगचे ५ तासच उरतात. झोप ६ तास ५० मिनिटांत मोडलीत, तर जोडीच जुळत नाही.