लिथियमचा पेशंट: वॉर्डात आणि ओपीडीत सिस्टरांनी काय बघायचं

लिथियम म्हणजे उन्माद-नैराश्याच्या (बायपोलर) आजारावरची गोळी. केसपेपरवर डोस तोच, पेशंट गोळ्या नेमाने घेतोय, आणि तरीही एक दिवस तो झोकांड्या खात ओपीडीत येतो. अशा वेळी आधी त्याच्या पाण्या-मिठाची चौकशी करा. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. घाम, जुलाब किंवा उपवासाने अंगातलं पाणी-मीठ घटलं की ते सोडियम धरून ठेवतं, सोबत लिथियमही धरतं, आणि त्याची रक्तातली लेव्हल चढते.

लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी काढायचं. रात्री 9 ला गोळी घेतली असेल तर सकाळी 9 ला. सकाळची गोळी असली तर रक्त काढल्यावरच द्या. गोळीची आणि रक्त काढल्याची, दोन्ही वेळा लिहा. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर 5 ते 7 दिवसांनी तपासणी होते. बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, प्लेन घ्या. हिरव्या टोपणाच्या बल्बमध्ये बऱ्याचदा रक्त गोठू न देणारं लिथियम हेपरिनच असतं, त्यात घेतलेल्या रक्ताची लेव्हल खोटी वाढलेली येते. पेशंट ठणठणीत आणि रिपोर्ट भलताच असेल, तर बल्ब कुठला होता ते विचारा. अर्थात पेशंटवरची नजर तोवर हटवायची नाही.

नेहमीच्या उपचारात लेव्हल 0.6 ते 1.0 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठेवतात. तीव्र उन्मादात डॉक्टर 1.2 पर्यंत नेतात. 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, म्हाताऱ्या पेशंटमध्ये त्याआधीही. म्हणून रिपोर्टची वाट बघत बसू नका. बोटं पसरून हात पुढे धरायला सांगा. बारीक थरथर या गोळीवर बऱ्याचदा दिसते. चहा बशीत सांडेल इतकी जाड थरथर मात्र धोक्याची. चार पावलं चालवून बघा, नाव-गाव विचारा: तोल जातोय का, जीभ जड झालीय का? उलट्या-जुलाब तर लेव्हल वाढवतातही आणि वाढल्याची खूणही असतात. यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. लेव्हल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार) तातडीने लागतील. विषबाधेत पाजतात ती कोळशाची पावडर लिथियमला धरत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. गंभीर पेशंटला डायलिसिस लागतं.

‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं. अंगदुखीची गोळी कुणी औषधात धरतच नाही. ऊस तोडून कंबर धरली की मेडिकलमधून परस्पर आणली जाते ती आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, आणि दोन्हीने लेव्हल वाढते. म्हणून नेमकं विचारा: ‘कंबरेची, गुडघ्याची, डोकेदुखीची गोळी घेता का? पाकीट दाखवा.’ दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. बीपीच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडनेही लेव्हल चढते. अशी गोळी नव्याने सुरू झाली असेल तर मानसोपचार डॉक्टरांना सांगा.

मीठ एकदम तोडायचं नाही. बीपी निघालं म्हणून कुणी तांबड्या-पांढऱ्या रश्शासकट सगळं खारट बंद केलं असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. चैत्रात जोतिबाला चालत जाणारे, गुऱ्हाळावर चुलाणाशी राबणारे, नवरात्रात निर्जळी धरणारे, यांना आधीच सांगून ठेवा: पाणी पीत राहा, जुलाब किंवा उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करा. निर्जळी उपवासाला सरळ नाही म्हणा, इथे भिडेखातर मान डोलावू नका.

एसआर (सावकाश विरघळणारी) गोळी कुटून किंवा चावून घ्यायची नाही. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन नकोत. क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी. तरुण बाईला दर भेटीत पाळीची तारीख विचारा. दिवस राहिल्याची शंका असेल तर तिने गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावं.