किचनचा पाइप सारखा सारखा तुंबतोय? आधी जागा शोधा, मग साफ करा

सिंक एखाद्या वेळी तुंबलं तर ठीक आहे, होतं असं. पण दर दोन-तीन महिन्यांनी तेच रडगाणं असेल तर समजून जा की पाइपात कुठेतरी एक अशी जागा आहे जिथे पाणी रेंगाळतं आणि त्यातलं तेल, पीठ, साबण सगळं तिथेच बसत जातं. प्लंजर मारून किंवा स्प्रिंग (पाइपात घालायची लांब लवचिक तार) घालून आपण त्या थराला फक्त एक भोक पाडतो, पाणी धो धो जायला लागतं, आपण खूश, आणि ते भोक हळूहळू परत बुजतं.

पहिलं काम म्हणजे नुसतं बघणं. फक्त सिंकचंच पाणी हळू जातंय का? मग बहुतेक सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून ठेवणारा वळणाचा किंवा बाटलीसारखा भाग, किंवा त्याच्या पुढचा थोडा पाइप. वॉशिंग मशीनने पाणी सोडलं की ते सिंकमधून वर येतंय? मग दोघांचे पाइप जिथे एकत्र होतात त्याच्या पुढे अडलंय, सिंकचा ट्रॅप उघडून काही उपयोग नाही. आणि बाथरूम, टॉयलेट सगळीकडेच पाणी तुंबत असेल तर ती मेन लाइन, तिथे घरच्या घरी खटपट करत बसू नका, सरळ चेंबर उघडून घ्या.

आता एक सोपी युक्ती जी मला फार आवडते. रात्रभर पाणी वापरलेलं नसेल आणि पाइप रिकामा असेल तेव्हा एक लिटरचं माप घ्या आणि सिंकमध्ये मोजत मोजत भराभर पाणी ओता. 40 मिमीच्या पाइपात मीटरला साधारण सव्वा लिटर पाणी मावतं, 50 मिमीच्या पाइपात 2 लिटरच्या आसपास. पहिल्याच लिटरला पाणी वर साचलं तर अडथळा नाकासमोर आहे, ट्रॅपमध्ये. पाच लिटर बिनबोभाट गेले आणि मग एकदम गुडगुड करत पाणी चढायला लागलं तर 40 मिमीच्या पाइपात तो साधारण चार मीटर पुढे आहे. थोडं पाणी अडथळ्यातून निसटतंच त्यामुळे आकडा अंदाजाचा, पण स्प्रिंग किती लांब लागणार आणि भिंतीतल्या कुठल्या एल्बोपाशी, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडापाशी, गडबड आहे एवढं नक्की कळतं.

ट्रॅप उघडणं अवघड नाही, खाली बादली ठेवा, हाताने फिरवून बॉटल ट्रॅपची खालची वाटी काढा, आतला गाळ काढून वाटी धुवा, वॉशर नीट जागेवर बसलाय का बघा आणि हातानेच घट्ट करा, पाना लावून आवळलं की प्लास्टिकचे आटे जातात. ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी उभं असतं, 5 ते 7.5 सेंटीमीटर, ते मुद्दाम असतं, त्यानेच गटाराचा वास घरात येत नाही, त्यामुळे तिथे पाणी दिसलं म्हणून तुंबलंय असं समजू नका. बॉटल ट्रॅप जागा कमी घेतो पण त्यात गाळ पटकन साठतो, किचनसाठी मला विचाराल तर साधा वळणाचा पी ट्रॅप कधीही बरा.

आतला थर नेमका कशाचा असतो? गरम तेलकट पाणी सिंकमधून पातळ होऊन जातं आणि पुढे गार पाइपात मेणासारखं भिंतीला चिकटतं. त्यात पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि तेल-साबण यांचा मिळून एक कडक पांढरट थर होतो जो नुसत्या पाण्याने सुटत नाही. मग चहा-कॉफीचा चोथा, पीठ जे काही येईल ते त्यावर अडकतं. म्हणूनच तेलकट भांडी "गरम पाण्याने धुतो की आम्ही" म्हणणाऱ्यांचाही पाइप तुंबतो, तेल गेलेलं नसतं, फक्त चार हात पुढे सरकलेलं असतं. भांडं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, हा एवढा एक बदल बाकी सगळ्या औषधांपेक्षा जास्त काम करतो.

प्लंजर मारताना बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. सिंकला ओव्हरफ्लोचं (जास्तीचं पाणी जाण्यासाठी वर दिलेलं) भोक असेल किंवा दोन भांड्यांचं सिंक असेल तर ते दुसरं तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो आणि आपण उगाच घाम गाळतो. डिशवॉशरचा पाइप तिथेच जोडलेला असेल तर तो क्लॅम्पने दाबून ठेवा. रबर बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये हवं. स्प्रिंग घालताना ट्रॅप काढून थेट भिंतीतल्या पाइपात घाला, आणि अडली की जोर न लावता फिरवा, फिरवत फिरवत ओढून घ्या, टोकाला जे येईल ते नीट बघा, चिकट काळा गोळा आला तर तेल, दोरे-केस आले तर मशीनचं पाणी. मोकळं झाल्यावर लगेच हात धुऊन उठू नका, सिंक काठोकाठ कडक गरम पाण्याने भरा, भांड्यांचा साबण घाला आणि बूच एकदम काढा, असं तीन-चारदा. भरलेल्या सिंकचं पाणी एका दमात जातं तेव्हा पाइप भरून वाहतो आणि भिंतीचा थर थोडा तरी धुतला जातो, नळ बारीक सोडून ते होत नाही. मात्र उकळतं पाणी पीव्हीसी पाइपात नको, तो साधारण 60 डिग्रीपर्यंतच आरामात सोसतो, त्यापुढे मऊ पडून सांधे ढिले होतात.

केमिकलबद्दल माझं मत वाईट आहे. कॉस्टिक सोड्याची पावडर कमी पाण्यात पडली तर तेलाबरोबर तिचाच दगड होऊन बसतो. ती टाकून काम झालं नाही म्हणून वरून ॲसिड टाकणं तर महाभयंकर, उकळून तोंडावर उडतं, आणि ब्लीच व ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. केमिकल टाकलेल्या पाइपात प्लंजरही मारू नका आणि प्लंबर आला तर त्याला आधी सांगा. व्हिनेगर आणि खायचा सोडा? दोघं एकमेकांनाच मारतात, फेस बघून बरं वाटतं इतकंच. एन्झाइमवालं लिक्विड रात्री टाकून ठेवलं तर थर वाढू न देण्यासाठी ठीक, पण पूर्ण तुंबलेला पाइप त्याने उघडणार नाही.

आता खरं दुखणं, जे साफसफाईने कधीच जात नाही. एक, ढाळ. आडव्या पाइपला मीटरमागे 2 ते 2.5 सेंटीमीटर उतार हवा, लेव्हल लावून बघा, मधेच क्लिप सुटून पाइप लोंबला असेल तर त्या पोटात पाणी कायम उभं राहतं आणि तुमची तुंबण्याची जागा तीच. दोन, सिंकखालचा तो पन्हळी लवचिक पाइप. बसवायला सोपा म्हणून सगळे लावतात पण आतल्या प्रत्येक वळीत चरबी बसते, शिवाय तो खाली झोळ पडून लोंबतो, काढून टाका आणि आतून गुळगुळीत कडक पाइप लावा. तीन, लागोपाठ दोन काटकोनी एल्बो, त्याऐवजी 45 डिग्रीचे दोन लावले तर पाणी आणि स्प्रिंग दोन्ही सहज जातात. चार, हवा. पाणी जाताना गुडगुड आवाज येतोय, शेजारच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय, वास येतोय आणि तरी पाइप साफ आहे, तर व्हेंट पाइप, म्हणजे लाइनीत हवा येऊ देणारा पाइप, बंद आहे किंवा मुळात दिलेलाच नाही.

वॉशिंग मशीनची गंमत वेगळी आहे. तिचा पंप मिनिटाला 15-20 लिटर पाणी सहज फेकतो त्यामुळे जो पाइप सिंकला पुरत होता तोच मशीनला अपुरा पडतो, अर्धा बुजलेला पाइप आधी मशीनच्या वेळीच बोलतो. मशीनची नळी ज्यात सोडतात तो उभा पाइप 60 ते 90 सेंटीमीटर उंच हवा, नळी त्यात 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त खुपसायची नाही आणि तोंड टेप लावून बंद करायचं नाही, नाहीतर मशीनमधलं पाणी आपोआप ओढलं जातं. मशीन पाणीच सोडत नसेल तर पाइपाला दोष देण्याआधी खालचा फिल्टर उघडा, नाणी, पिना, दोरे तिथे सापडतात, पण आधी शेजारच्या छोट्या नळीने पाणी काढून घ्या, नाहीतर फरशीवर तळं. पावडर आणि सॉफ्टनर मापातच घाला, गार पाण्यात जास्तीचं विरघळत नाही आणि दोऱ्यांना धरून पाइपात लगदा होतो.

डिशवॉशरमध्ये फिल्टरखाली थोडं पाणी राहणं नॉर्मल आहे. तळात घाण पाणी साचत असेल तर आधी फिल्टर, मग नळी ओट्याखाली वरपर्यंत नेऊन मग खाली आणलीये का ते बघा, तो वरचा वळसा नसेल तर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये शिरतं. नवीनच जोडणी असेल आणि पाणी अजिबात जात नसेल तर जोडाच्या तोंडातलं प्लास्टिकचं झाकण फोडायचं राहिलंय का तेही तपासा, हे फार वेळा राहतं.

इतकं करूनही त्याच जागी तुंबत असेल तर प्लंबरला "साफ करून द्या" म्हणू नका, कॅमेरा घालून दाखवा म्हणा किंवा तेवढा तुकडा कापून बदलून घ्या. आणि पाइप उघडलाच आहे तर वळणावर झाकणाचा एल्बो बसवून घ्या, आणि त्या झाकणासमोर कपाट किंवा टाइल येऊ देऊ नका, पुढच्या वेळी तिथूनच स्प्रिंग घालायची आहे.