कात्रणांची गोधडी शिवण्याआधी

शिंप्याकडून आणलेली कोरी सुती कात्रणं थेट गोधडीत घालू नका. जुनं लुगडं धुऊन धुऊन आटलेलं असतं. कोरं कापड मात्र पहिल्याच धुण्यात आटतं आणि छान शिवलेल्या गोधडीला चुण्या पडतात. आधी कात्रणं रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा. जॉर्जेट, नायलॉन बाजूलाच राहू दे, सुतीचा मऊपणा त्याला नाही.

खाली जुनी साडी, मध्ये धोतर किंवा चादर, वर कडा आत दुमडलेली कात्रणं. थर जमिनीवर ताणून अंथरा आणि वीतवीतभर अंतरानं कच्चे टाके घाला. हे टाळलंत तर मधला थर हमखास गोळा होतो. मग कडेपासून आत, चौकोनी फेऱ्यांत धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर पुरतं. कच्चे टाके शेवटी उसवा.