घरचा संगणक स्वस्तात घेताना या चुका टाळा

चोपड्याहून भाच्याचा फोन आला, तेव्हा त्याचा आनंद आवाजातच कळत होता. “मामा, आय-७ घेतला! आठ जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क, मॉनिटर, की-बोर्ड, सगळं मिळून अठरा हजारांत.” पुढच्या रविवारी जाऊन पाहिले, तर बटण दाबल्यापासून माऊस नीट हलू लागेपर्यंत बहिणीचा चहा उकळून कपात आला होता. कॅबिनेट कोरे करकरीत होते, त्याच्या पंख्यात निळे दिवेही होते. आत मात्र आय-७ २६०० हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, होता, म्हणजे जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला. विकणारा खोटे काहीच बोलला नव्हता. विचारायला हवे होते तेवढे मात्र कोणी विचारले नव्हते.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, सातबारा काढणे, बँकेचे व्यवहार, मुलांचे व्हिडिओ पाहून होणारे शिक्षण, केळीच्या किंवा कापसाच्या हिशेबाचा तक्ता आणि घरात कोणी टंकलेखनाच्या परीक्षेला बसणार असेल तर त्याचा सराव, एवढीच आपल्या घरातल्या संगणकाची कामे असतात. यांतल्या कशालाही फार ताकदीचे यंत्र लागत नाही. तरीही बहुतेक घरांत पैसा स्टिकरवरच्या नावावर जातो आणि यंत्र जिथे खरोखर अडते त्या जागी, म्हणजे साठवण, मेमरी (रॅम) आणि वीज यांवर, काटकसर केली जाते.

आय-७ वाचले, पिढी वाचली नाही

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातले ३, ५, ७ हे आकडे त्या त्या पिढीतली पायरी दाखवतात. पिढी कळते ती पुढच्या क्रमांकावरून. डेस्कटॉपच्या क्रमांकातले शेवटचे तीन अंक झाकले की जे उरते ती पिढी: ३४७० म्हणजे तिसरी, ८४०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. २०२२ मध्ये आलेला आय-३ १२१०० हा भाच्याच्या आय-७ पेक्षा दुपटीहून वेगवान आहे आणि वीजही कमी खातो. अलीकडच्या काही नावांना हा नियम लागू पडत नाही. उदाहरणार्थ, २०२३ पासून मिळणारा एन १०० हा साधा, चार कोअरचा (काम करणाऱ्या चार भागांचा), जेमतेम ६ वॅटचा प्रोसेसर छोट्या डबीएवढ्या संगणकांत येतो आणि वर सांगितलेली सगळी कामे निमूटपणे करतो. एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या लॅपटॉप प्रोसेसरांत तर पहिल्या आकड्यावर मुळीच जाऊ नये. रायझन ५ ७५२०यू यातला ७ हा नव्या वर्षाची खूण असला, तरी तिसऱ्या जागचा २ सांगतो की आतली रचना २०१९ मध्ये आलेल्या झेन २ या जुन्या रचनेची आहे.

जुनी पिढी नको म्हणण्यामागे वेगाहून मोठे कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा-मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि रायझनची २००० मालिका ही खालची मर्यादा ठेवली आहे, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-चीप मागितली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे वापरलेले प्रोसेसर, त्यांच्यासाठी नव्याने बनवलेले एच६१ जातीचे मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) आणि चकचकीत कॅबिनेट यांची मोट बांधून ‘असेंबल केलेला नवा संगणक’ म्हणून जे विकले जाते, ते या मर्यादेच्या बाहेर राहते. कुणी युक्ती करून त्यावर विंडोज ११ चढवून देतोही, परंतु पुढचे अपडेट त्यावर येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. असे यंत्र आधीच घरात असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून ब्राउझरची कामे करता येतात. मुद्दाम पैसे देऊन मात्र ते आणू नये.

असेंबल करून घेताना आणखी एक अक्षर पाहावे. १२१००एफ यातल्या ‘एफ’चा अर्थ त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भाग चालू नाही असा होतो. तो थोडा स्वस्त पडतो, पण वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही तर मॉनिटर काळाच राहतो.

एक टीबीचा मोह

भाच्याचा संगणक रखडत होता तो मुख्यतः हार्ड डिस्कमुळे. फिरत्या तबकडीच्या डिस्कला विखुरलेल्या शेकडो बारीक फायली शोधताना सुई इकडून तिकडे न्यावी लागते, आणि विंडोज सुरू होताना नेमके हेच काम असते. एसएसडी या चीपवरच्या साठवणीत फिरणारे काहीच नसल्याने तीच सुरुवात अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपते. म्हणून २५६ जीबीची एसएसडी ही एक टीबीच्या हार्ड डिस्कपेक्षा घरासाठी चांगली. लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो यांच्यासाठी हार्ड डिस्क नंतर जोडता येते. एसएसडी साटा जोडणीची असावी की अधिक वेगवान एनव्हीएमई जोडणीची, यावर दुकानात वाद घालण्याचे कारण नाही, कारण रोजच्या कामात तो फरक जाणवत नाही. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी ही हलक्या प्रतीची साठवण असते, ती मात्र टाळावी. विंडोजची अपडेट येऊ लागली की काही महिन्यांत तिच्यात जागाच उरत नाही, आणि ती मदरबोर्डवर डाग दिलेली असल्यामुळे बदलताही येत नाही.

रॅम आठ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. दोन खाचा असलेला बोर्ड घेऊन सध्या एकच पट्टी बसवली, तर दुसरी पुढे बसवता येते.

लाईट आणि ऊन

दुकानदाराच्या कोटेशनमध्ये क्वचितच दिसणारा खर्च हा आहे, आणि आपल्याकडे तोच सर्वांत आधी धरायला हवा. जळगाव-भुसावळचा मे महिन्यातला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. संध्याकाळी कूलर, पंखे आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसते. आणि वादळी पावसाआधी लाईट दोन-तीनदा जाऊन येते. संगणकाचा पॉवर सप्लाय यात मरतो आणि मरताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत नेतो. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळणाऱ्या पॉवर सप्लायवर ४५० वॅट लिहिलेले असते, तेवढे तो देतोच असे नाही. ८० प्लस प्रमाणपत्र (वीज कमी वाया घालवण्याचे) असलेला सप्लाय वेगळा घेतला तर चार पैसे जास्त लागतात, पण ते सत्कारणी लागतात.

साध्या डेस्कटॉपला ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा), व्होल्टेज सांभाळणारा यूपीएस पुरतो. व्हीए म्हणजे वॅट असा समज चुकीचा आहे. अशा यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॅट असते. त्यावर संगणक आणि मॉनिटर एवढेच जोडावे. लेझर प्रिंटर सुरू होताना एकदम खूप वीज ओढतो, तो थेट भिंतीवरच्या बोर्डाला लावावा. यूपीएसमधली बॅटरी उन्हाने लवकर थकते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंश वाढीला निम्म्यावर येते असा ढोबळ हिशेब आहे, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकवून यूपीएस ठेवला तर तो दीड-दोन वर्षांतच ‘टीं’ करून संगणक बंद पाडू लागतो.

घरी इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस घेण्याआधी त्याची मागची बाजू पाहावी. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडची छोटी कळ असते. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बदल होण्यात जो क्षण जातो, त्यात पंखा फिरतच राहतो पण संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कळ यूपीएसकडे केली की हा बदल कितीतरी वेगाने होतो. आमच्याकडे ही कळ चार वर्षे चुकीच्या बाजूला होती, हे कबूल करायला हरकत नाही.

अर्थिंगकडे कोणी पाहतच नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, याचा अर्थ संगणक बिघडला असा नव्हे. पॉवर सप्लायमधल्या गाळणीच्या कपॅसिटरांतून थोडी वीज पत्र्यावर येते आणि ती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायची असते. ती वाट बंद असली की ती पत्र्यावरच राहते. दोन पिनांचा जोड लावून काम भागवणे किंवा जाड पिन कापून टाकणे हे म्हणूनच धोक्याचे आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला तरी हेच होते, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी घालावे, आणि तरीही झिणझिण्या थांबल्या नाहीत तर वायरमनला बोलवावे.

संगणकाचे टेबल कूलरच्या झोतासमोर ठेवण्याची चूक तर घरोघरी दिसते. माणसाला बरे वाटते म्हणून यंत्रालाही बरे वाटेल असा त्यामागचा हिशेब असतो, पण ओलसर वाऱ्याबरोबर आत गेलेली धूळ पंख्यावर आणि प्रोसेसरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर लिंपून बसते. लॅपटॉपच्या बाबतीत कापसाची गादी हीच चूक करते, कारण त्याच्या खालच्या बाजूच्या फटी गादीत दबून बंद होतात.

बिल आणि दुकानातली दहा मिनिटे

संगणकावर १८ टक्के जीएसटी असल्यामुळे ‘कच्चे बिल घ्या, तेवढे वाचवा’ असा प्रेमळ सल्ला मिळतो. कच्च्या बिलावर वॉरंटी मागायला गेल्यावर ती वाचवणूक महागात पडते. पक्क्या बिलावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि मॉनिटर यांचे अनुक्रमांक वेगवेगळे लिहून घ्यावेत. नंदुरबार-नवापूरकडची मंडळी खरेदीला सुरतेला जातात आणि चाळीसगावची नाशिकला. त्यात गैर काही नाही, फक्त वॉरंटी घरी येऊन दुरुस्त करण्याची आहे की यंत्र सर्व्हिस सेंटरला नेऊन देण्याची, हे आधी विचारावे. नेऊन देण्याची असेल, तर मॉनिटरचे खोके मांडीवर घेऊन रेल्वेने सुरत गाठावी लागते.

पैसे देण्याआधी संगणक दुकानातच चालू करायला सांगावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स भागात प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम किती आणि किती खाचांत, आणि डिस्क एसएसडी आहे की एचडीडी, हे सारे दिसते. सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज अधिकृत आहे का तेही पाहावे. क्रॅक केलेली विंडोज चढवताना अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला असतो, आणि त्याच यंत्रावर पुढे बँकेचा पासवर्ड टाकला जातो. पत्रे, तक्ते असे ऑफिसचे काम लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरवर मोफत होते. मराठीसाठी विंडोजचाच की-बोर्ड आणि युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच उघडणारी अक्षरपद्धत) पुरतो. जुन्या फॉन्टांचा संच चढवून घेतला तर त्यात लिहिलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरांचा काला होतो.

घेतल्यानंतर अडले तर

संगणक रखडत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना टेकला आहे का ते पाहावे. टेकला असेल तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा असतो, रॅम वाढवून तो जाणार नाही. भाच्याच्या यंत्रात एसएसडी बसवल्यावर ते चहाच्या आधी उघडू लागले, विंडोज ११ चा प्रश्न मात्र राहिलाच. दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडणारा आणि रात्री नीट चालणारा संगणक बहुधा तापत असतो. त्याची धूळ काढून, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून पाहावी. चालू होताना बीप वाजतात आणि पडद्यावर काही येत नाही, तेव्हा वीज काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच घासून ती पुन्हा घट्ट बसवावी. आणि एखाद्या सकाळी एकही संकेतस्थळ उघडेनासे झाले, जो तो ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणू लागला, तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती दहा-बारा वर्षे मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते.