ड्रीपचं पाणी थेंबथेंबही येत नव्हतं, असं सुटलं (माझा अनुभव)

गोराईला आमची छोटी वाडी आहे, विहिरीचं पाणी आणि १६ एमएमच्या नळीवर ठिबक सिंचनाचे ४ लिटर ताशीचे ड्रिपर (झाडाच्या मुळाशी थेंबथेंब पाणी सोडणारी छोटी तोंडं). मार्चमध्ये ऊन वाढलं तसं निम्मी वांगी माना टाकायला लागली, पहिल्या ड्रिपरला धार आणि शेवटचे सात-आठ कोरडे. आधी वाटलं मोटरला प्रेशर नाही, मग सुईने भोकं टोचली (चूक, भोक मोठं होतं आणि मग तिथूनच सगळं पाणी जातं), दोन ड्रिपर नवीन लावले, तेही महिन्यात बंद. बायको म्हणाली बादलीनेच घालूया, आणि आठ दिवस तेच केलं, कंबरडं मोडलं.

ड्रिपर उघडला तर आत पांढरा थर, किटलीत बसतो तसा. त्यावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं, म्हणजे क्षारच. मग आधी गाळणीची जाळी काढून ब्रशने धुतली. नळीच्या शेवटच्या टोप्या काढून मोटर चालू केली, स्वच्छ पाणी येईपर्यंत, आमच्याकडे पाचेक मिनिटं गढूळच येत होतं. उघडता येणारे ड्रिपर काढून १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून रात्रभर ठेवले (पोरगी सरबत समजून हात घालायला निघालेली, वर ठेवा), सकाळी चोळून धुऊन परत बसवले. टोप्या सगळ्यात शेवटी.

तपासायला प्रत्येकाखाली डबा ठेवला, १५ मिनिटांत १ लिटरच्या आसपास पाणी आलं. आता टोप्या दर पंधरा दिवसांनी उघडतो.