गव्हावर गहू घेऊ नका

दरवर्षी त्याच रानात गहू घेतला की जंगली ओट (एक गवतवर्गीय तण) माजतो. गव्हासोबतच उगवतो आणि लहानपणी दिसतोही तसाच. पान खोडाला बिलगते तिथे निरखून बघा: गव्हाला दोन बारीक 'कान' असतात, ओटला नसतात. पण अख्खं रान असं वाकून कोण तपासणार?

त्यापेक्षा पीक बदला. हरभरा किंवा मोहरीत हे गवत लांबूनच ओळखू येतं, ओळींतून कोळपं फिरतं, फक्त गवतवर्गीय तण मारणारं तणनाशकही चालतं. चाऱ्याचं पीक तर उत्तमच, तण बी धरण्याआधीच कापलं जातं. मात्र जमिनीतलं बी काही वर्षं टिकतं, म्हणून जमल्यास सलग दोन हंगाम गहू टाळा.